पासवर्ड बनतो दोन सेकंदात, दुसऱ्या मशीनवर सापडतो का ते बघा: बिटवॉर्डन, दीड वर्ष वापरून

महिन्याची २० तारीख म्हणजे काय ते टॅक्सच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना सांगायला नको. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख. अशाच एका २० तारखेला सकाळी साडेदहाला मी ऑफिसच्या पीसीसमोर बसले आणि एका पार्टीचा, म्हणजे आमच्या ग्राहकाचा, पासवर्ड माझ्याकडे नव्हता. म्हणजे होता, पण घरी. पार्टीचा जुना अकाउंटंट सोडून गेला म्हणून आदल्या रात्री घरून मीच तो बदलला होता, लॅपटॉपच्या ब्राउझरने मजबूत पासवर्ड सुचवू का विचारलं, मी हो म्हणलं, त्याने काहीतरी अगम्य बनवलं, सेव्ह केलं आणि मी लॅपटॉप मिटून झोपले. त्या लॅपटॉपवर सिंक, म्हणजे इथलं सेव्ह केलेलं दुसऱ्या मशीनवर आपोआप जाणं, चालूच केलेलं नव्हतं हे सकाळी कळलं. घरी सासूबाई एकट्या. त्यांना फोनवरून लॅपटॉप उघडायला लावला, सेटिंगमध्ये नेलं, डोळ्याच्या चित्रावर क्लिक करायला लावलं आणि एकेक अक्षर वाचून घेतलं. "आई, तो मोठा आय आहे का छोटा एल?" "अगं उभी रेघ आहे नुसती, मी काय सांगू." अर्धा तास गेला त्यात. सर बाजूला उभे, चष्मा कपाळावर.

तर बिटवॉर्डन या पासवर्ड बनवून साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा रिव्ह्यू त्या अर्ध्या तासातून आलेला आहे, त्याच्या आधी काय काय बघितलं ते पण सांगते. पासवर्ड जनरेटर निवडताना सगळे बघतात किती अवघड पासवर्ड बनतो, किती अक्षरं, किती चिन्हं. माझं म्हणणं असं की बनवणं हे काम आता कुठलंही बरं सॉफ्टवेअर करतं, खरी परीक्षा दुसऱ्या मशीनवर बसल्यावर होते.

आमच्याकडची मशीनं सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतंय का बघता येईल. ऑफिसात विंडोज. माझा फोन अँड्रॉइड. नवऱ्याचा आयफोन. घरचा लॅपटॉप जुना आहे, विंडोज त्याला झेपेना म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलंय. लेकीचा आयपॅड. हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही, त्याला विसरू नका, तो पुढे येणार आहे. आणि तासगावला बाबा, त्यांचा एक फोन, एक टीव्ही आणि एक एलआयसीची डायरी.

आधी ब्राउझरवालेच बघितले, कारण फुकट आणि घरातच. गूगलचा पासवर्ड मॅनेजर क्रोममध्ये असतो, गूगल खात्यात सेव्ह करतो, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे येतो, आयफोनवरही क्रोम टाकून चालवता येतो. ज्याचं सगळं आयुष्य क्रोममध्येच जातं त्याने पुढचं वाचायची गरज नाही खरं तर, तेच वापरा, डायरीपेक्षा आणि एकच पासवर्ड सगळीकडे लावण्यापेक्षा लाख पटीने बरं. मला अडलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे तो सुचवतो तो साधारण १५ अक्षरांचा तयार माल, नवीन खातं उघडताना मला १२ च पाहिजेत, चिन्ह नको, असं त्या चौकटीत सांगता येत नाही. दुसरं म्हणजे मी लिनक्सवर फायरफॉक्स वापरते आणि फायरफॉक्सची तिजोरी, म्हणजे पासवर्ड साठवायची जागा, वेगळी, क्रोमची वेगळी. दोन घरचा पाहुणा उपाशी तशी गत झाली, अर्धे पासवर्ड इथे, अर्धे तिथे.

अ‍ॅपलचं नवऱ्याच्या फोनवर बघितलं. २०२४ च्या सप्टेंबरात आयओएस १८ बरोबर त्यांनी पासवर्ड्स नावाचं वेगळं अ‍ॅपच दिलं, आधी ते सेटिंगच्या पोटात लपलेलं होतं. त्याचा जनरेटर मला मनापासून आवडला हे सांगितलं पाहिजे. २० अक्षरं, सहा-सहाचे तीन तुकडे, मधे दोन आडव्या रेघा, त्यात एकच मोठं अक्षर, एकच आकडा, बाकी सगळी छोटी अक्षरं, आणि तुकडे असे की जीभ अडखळत का होईना उच्चारता येतात. कुणीतरी बसून विचार केलाय की हा पासवर्ड कधीतरी माणसाला हाताने टाइप करायला लागणार आहे. विंडोजवर आयक्लाउड टाकलं की क्रोम आणि एजमध्येही मिळतो. पण अँड्रॉइडला काही नाही, लिनक्सला काही नाही. म्हणजे माझ्यासाठी विषय संपला. ज्यांच्याकडे सगळीच अ‍ॅपलची मशीनं आहेत त्यांनी दुसरं काही शोधू नये.

इथे एक मजा सांगते. इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंगला पासवर्ड ८ ते १४ अक्षरांचा लागतो आणि जीएसटीला ८ ते १५. म्हणजे अ‍ॅपलचा वीसवाला दोन्हीकडे बसत नाही, क्रोमचा पंधराचा जीएसटीला काठोकाठ बसतो आणि इन्कम टॅक्सला एक अक्षर जास्त. आमच्या धंद्यात लांबी हाताने ठरवता येणं ही चैन नाही, गरज आहे.

यापेक्षा वाईट प्रकार एका साइटवर झाला, नाव नको, तिथे लांबीची मर्यादा लिहिलेलीच नव्हती. मी २० चा टाकला, तिने घेतला, अभिनंदन वगैरे म्हणाली, आणि लॉगिन करताना चुकीचा पासवर्ड. चार वेळा रीसेट केला. मग भाचा म्हणाला, आत्या, पहिली बाराच अक्षरं टाकून बघ. उघडलं! तयार करताना गपचूप शेपूट कापत होती आणि लॉगिनला टाकलेला पूर्ण वीसचा तपासत होती. तेव्हापासून अनोळखी साइटवर पासवर्ड बनवला की लगेच लॉगआउट करून परत आत जाऊन बघते, खातं नवीन आहे तोवरच.

मग मी एका वेगळ्याच वाटेला गेले होते आणि त्यावर जरा सविस्तर लिहिते कारण कल्पना इतकी सुंदर आहे की कुणीही भुलेल. लेसपास. हा पासवर्ड कुठेच साठवत नाही. तुम्ही साइटचं नाव, तुमचं युजरनेम आणि एक मास्टर पासवर्ड, म्हणजे तुम्ही लक्षात ठेवायचा एकमेव पासवर्ड, द्यायचा, तो त्यावर गणित करून पासवर्ड काढतो. तेच तीन शब्द दिले की जगातल्या कुठल्याही मशीनवर तोच पासवर्ड येणार. सिंक नाही, खातं नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं. ही कल्पना जुनीच आहे, स्टॅनफर्डच्या लोकांनी २००५ च्या सुमारास पीडब्ल्यूडी-हॅश म्हणून असंच काहीतरी केलं होतं, नंतर सुपरजेनपास आलं. मला वाटलं झालं, सापडलं, सहा मशीनांचा प्रश्नच मिटला, नवऱ्याला रात्री अकरा वाजता उठवून दाखवलं. तो बरं म्हणाला आणि झोपला.

सव्वा महिना टिकलं. पहिली अडचण, पासवर्ड बदलायचा तर काय? गणित तर तेच येणार. त्यासाठी त्यात एक काउंटर असतो, १ चा २ करायचा की नवीन पासवर्ड येतो. पण या साइटला काउंटर २ आहे आणि त्या साइटला ३ हे लक्षात कुणी ठेवायचं? तसंच इथे १४ अक्षरं, तिथे १५, इथे चिन्ह चालत नाही, हे सगळं पण तुम्हीच लक्षात ठेवायचं, नाहीतर गणित वेगळं. साइटचं नाव मी एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून दिलं आणि एकदा न लावता, दोन वेगळे पासवर्ड. शेवटी मी कुठल्या साइटला काय सेटिंग हे एका वहीत लिहायला लागले. म्हणजे लक्षात ठेवायला नको म्हणून घेतलेल्या वस्तूसाठी वही! त्यात पार्टीने स्वतः ठरवून दिलेला पासवर्ड यात घालताच येत नाही, कारण हा फक्त स्वतः बनवलेलेच काढतो. आणि मास्टर पासवर्ड कुणाला कळला तर चोराला तुमची तिजोरीची फाइलसुद्धा चोरायला नको, त्याने घरी बसून सगळे पासवर्ड काढावेत. ज्याची चार-पाचच खाती आहेत आणि कुठल्याच कंपनीवर विश्वास नाही त्याने जरूर बघावं. माझी त्या वेळी मोजली तर १६३ खाती होती.

कीपासवर फार लिहीत नाही कारण ज्याला ते जमतं त्याला रिव्ह्यू लागत नाही. २००३ पासून आहे, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, फाइल तुमच्याकडे, कंपनी मधे नाहीच. कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडला कीपासडीएक्स, आयफोनला स्ट्राँगबॉक्स किंवा कीपासियम, प्रत्येक मशीनला वेगळं अ‍ॅप, फाइल तीच. भाच्याचं हेच आहे आणि तो त्याबद्दल थोडा जास्तच अभिमान बाळगतो. पण ती फाइल या मशीनवरून त्या मशीनवर न्यायची जबाबदारी तुमची, ड्राइव्हवर ठेवा, कशीही न्या. मी फोनवर एक नोंद केली, ऑफिसात दुसरी केली, संध्याकाळी दोन फाइली झाल्या आणि त्यातली खरी कुठली हे ठरवत बसले. जनरेटर मात्र याचा सगळ्यात भारी, काय हवं ते बटण आहे.

लास्टपास पूर्वी आमच्या ऑफिसात सगळे वापरायचे. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी फुकटवाल्यांना सांगितलं की एक तर कॉम्प्युटर नाहीतर मोबाइल, दोन्ही पाहिजे तर पैसे. तेव्हाच निम्मे सोडून गेले. मग २०२२ मध्ये त्यांच्याकडे चोरी झाली आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअपच चोरांच्या हातात गेला, तिजोऱ्या कुलूपबंद होत्या पण आतल्या साइटचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांची झोप उडाली. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमध्ये पण पासवर्ड ठेवायची सोय होती, ती २०२५ मध्ये बंद केली. हे सांगायचं कारण असं की आपण ज्याच्यात पासवर्ड ठेवतो तो उद्या दार बंद करू शकतो, म्हणून सगळं बाहेर काढून नेता येतं का हे पहिल्या दिवशीच बघावं. वनपासवर्ड चांगलं आहे म्हणतात, मी वापरलं नाही, फुकट प्लॅनच नाही त्याला.

आता बिटवॉर्डन. २०१६ पासून आहे, कोड उघडा आहे, म्हणजे आतून कसं बनवलंय ते कुणालाही वाचता येतं, आणि फुकट प्लॅनमध्ये कितीही पासवर्ड, कितीही मशीनं. हे शेवटचं वाक्य वाचूनच मी टाकलं. विंडोजला, लिनक्सला, अँड्रॉइडला, आयफोनला, आयपॅडला, आणि जिथे काहीच टाकता येत नाही तिथे वेबसाइटवर जाऊन तिजोरी उघडता येते. पैसेवाला प्लॅन आहे, मी घेतलेला नाही, त्यामुळे ओटीपी बनवून देणारं आणि अडीअडचणीला घरच्यांना तिजोरी उघडता येण्याचं जे आहे ते त्यात येतं, त्यावर मी बोलत नाही.

जनरेटरची गोष्ट. उघडलं की १४ अक्षरं सेट असतात, ५ पासून १२८ पर्यंत नेता येतं. इन्कम टॅक्सची मर्यादा १४ आणि याचा डिफॉल्ट १४, हा निव्वळ योगायोग पण मला तो शकुन वाटला. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं, हवं ते चालू बंद. चिन्हं पण आठच वापरतो, उद्गारचिन्ह, अ‍ॅट, हॅश, डॉलर वगैरे कीबोर्डच्या वरच्या ओळीतली, त्यामुळे अवतरण चिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ येऊन साइट रुसत नाही. आणि एक खूण आहे, एकसारखी दिसणारी अक्षरं टाळा म्हणून. मोठा आय, छोटा एल, एक, मोठा ओ, शून्य, हे सगळे बाद. ती खूण मी सगळ्यात आधी लावली, लावताना सासूबाईंचा आवाज कानात होता.

यादृच्छिक, म्हणजे कसलाही नेम नसलेला, तो खरंच तसा आहे का हा प्रश्न लोक विचारत नाहीत, विचारला पाहिजे. कॅस्परस्कीच्या पासवर्ड मॅनेजरचं प्रकरण २०२१ मध्ये बाहेर आलं होतं, त्याचा जनरेटर पासवर्ड बनवायला घड्याळातली सेकंदं वापरत होता, बाकी काही नाही. म्हणजे एकाच सेकंदाला सांगलीत मी आणि ब्राझीलमध्ये कुणी त्याच सेटिंगवर बटण दाबलं तर दोघांना तोच पासवर्ड! दिसायला कसला भयंकर अवघड, पण खातं कुठल्या वर्षी उघडलं एवढं कळलं की चोराला सेकंदं मोजत बसायचं फक्त. प्रकरण बाहेर येईपर्यंत त्यांनी ते दुरुस्त केलं होतं. म्हणून कोड उघडा असलेलं मला बरं वाटतं, मी तो वाचणार नाही, पण कुणीतरी खवचट माणूस वाचत असतो. आणि म्हणूनच कुठल्यातरी अनोळखी साइटवर जाऊन तिथे पासवर्ड बनवून घेऊ नका.

आता कुरकुर, कारण दीड वर्षात ठेचा खाल्ल्यात.

सगळ्यात मोठी ठेच अशी की जनरेटरमध्ये पासवर्ड बनवला, कॉपी केला, साइटवर चिकटवला, आणि सेव्ह करू का विचारणारी पट्टी आलीच नाही. फोनवर असं होतं, विशेषतः साइट दोन पानांत पासवर्ड मागत असेल तर. घाबरायचं नाही, जनरेटरला स्वतःची हिस्टरी असते, त्यात मागचे बनवलेले सापडतात. पण ती हिस्टरी त्या त्या मशीनपुरतीच! फोनवर बनवलेला ऑफिसच्या हिस्टरीत दिसत नाही, आणि लॉगआउट केलं की जाते. माझं परत तेच झालं असतं, २० तारीख नव्हती म्हणून निभावलं. तसंच जनरेटरची सेटिंग पण मशीनगणिक वेगळी, फोनवर एकसारख्या अक्षरांची खूण लावली म्हणून आयपॅडवर लागत नाही, प्रत्येक ठिकाणी एकदा जाऊन लावा. सगळीकडे चालणाऱ्या वस्तूमध्ये नेमकं हेच सगळीकडे जात नाही, हे जरा खटकतंच.

माझा उपाय म्हणजे उलटं काम. आधी तिजोरीत नवीन नोंद उघडायची, तिच्यातच जनरेटरचं बटण आहे ते दाबायचं, नोंद सेव्ह करायची आणि मग साइटवर जाऊन चिकटवायचं. दहा सेकंद जास्त जातात. पण नोंद एकदा सेव्ह झाली की दुसऱ्या मशीनवर येते, कधी रेंगाळली तर सेटिंगमध्ये सिंक करा म्हणून बटण आहे, ते दाबलं की येतेच.

चिकटवण्यावरून आठवलं, कॉपी केलेला पासवर्ड कुठे कुठे राहतो बघा. जीबोर्डचा, म्हणजे अँड्रॉइडवरच्या गूगलच्या कीबोर्डचा, क्लिपबोर्ड चालू असेल तर तासभर तिथे पडून असतो, कुणी फोन हातात घेऊन कीबोर्ड उघडला की समोर. विंडोजवर क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की मागची सगळी जंत्री. बिटवॉर्डनमध्ये ठरावीक वेळाने क्लिपबोर्ड पुसायची सोय आहे, ती मी अर्ध्या मिनिटावर ठेवलीय. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून पासवर्ड पाठवणारे, तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. मी पण त्यातलीच होते.

दुसरी ठेच माझी नाही, वहिनीची. तिने बिटवॉर्डन टाकलं, ईमेलचा पासवर्डही मस्त २० अक्षरांचा बनवून त्यातच ठेवला. फोन बदलला. नव्या फोनवर बिटवॉर्डन उघडायला गेली तर ते म्हणालं, नवीन मशीन आहे, तुमच्या ईमेलवर कोड पाठवलाय. हे २०२५ पासून सुरू झालंय, दुहेरी लॉगिन, म्हणजे पासवर्डाबरोबर आणखी एक कोड मागणारं, लावलेलं नसेल तर नव्या मशीनवर ईमेलचा कोड मागतात, सुरक्षेसाठी चांगलंच आहे. पण ईमेलचा पासवर्ड कुठे? बिटवॉर्डनमध्ये. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. जुना फोन दुकानात एक्सचेंजला देऊन आलेली. दादाच्या लॅपटॉपवर मेल उघडा राहिलेला होता म्हणून वाचली. तर दोन पासवर्ड तिजोरीच्या बाहेर माहीत पाहिजेत, तिजोरीचा आणि ईमेलचा. हे दोन्ही पासवर्ड अक्षरांऐवजी बऱ्याच शब्दांचे बनवा, म्हणजे लक्षात राहतील, कसे ते खाली सांगते. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी काढून देत नाही, त्यांच्याकडे तो नसतोच.

शब्दांचा पासवर्ड ही या जनरेटरमधली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. अक्षरांच्या ऐवजी पासफ्रेज निवडायचं, शब्द किती ते सांगायचं, मधे आडवी रेघ. ७७७६ इंग्रजी शब्दांची यादी आहे, हा विचित्र आकडा आला कुठून तर सोंगटीचा फासा पाच वेळा टाकला की इतक्या शक्यता होतात, ज्याला मशीनवर भरवसा नाही त्याने फासा टाकून शब्द काढावेत म्हणून ती यादी तशी केली. चार शब्द काढले तर शक्यता होतात ३६ कोटी गुणिले एक कोटी. टीव्हीसाठी हेच वापरते. रिमोटच्या बाणांनी मोठं अक्षर, मग आकडा, मग चिन्हांच्या पानावर जाऊन डॉलर, मग परत, हे ज्याने एकदा केलंय त्याला कळेल, आमच्याकडे लेकीने एकदा अठरावं अक्षर चुकवलं आणि टीव्हीने सगळं पुसलं, घरात अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. सगळी छोटी अक्षरं आणि ओळखीचे शब्द असले की टाइप होतं. हल्ली बरीच अ‍ॅपं टीव्हीवर कोड दाखवून फोनवर लॉगिन करू देतात, तिथे तर प्रश्नच नाही.

ऑफिसचं एक सांगते, पार्ट्यांचे पासवर्ड माझ्या खासगी तिजोरीत नाहीत, सरांनी वेगळं खातं काढलंय. फुकटमध्ये दोन माणसांपुरतं शेअर करता येतं, सर आणि मी, दोनच. तिसरी मुलगी कामाला लागली की पैसे भरावे लागणार, सर त्यावर अजून विचार करतायत. एका बँकेच्या साइटवर पासवर्ड चिकटवताच येत नाही, हातानेच टाइप करा म्हणते, तिथे मी पासवर्ड मुद्दाम छोट्या अक्षरांचा पण जरा लांब बनवते, आणि पोर्टल जेवढं मागतं तेवढा एक आकडा, एक चिन्ह, एक मोठं अक्षर. दर तीन महिन्यांनी बदला हे जे अजून काही ठिकाणी चालू आहे त्याला आता मूळ सांगणारेच मानत नाहीत, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००३ च्या सुमारास तसले नियम काढले आणि २०१७ मध्ये उगाच बदलायला लावू नका म्हणून स्वतःच मागे घेतले. आपल्याकडे ही बातमी पोचायची आहे.

आता बाबा. बाबा एसटीतून रिटायर झालेत, सगळे पासवर्ड एलआयसीच्या डायरीत, रेल्वेचा, पेन्शनचा, सगळे. सगळीकडे गावाचं नाव आणि जन्मसाल. मी म्हणलं, बाबा, डायरी असू दे, पासवर्ड तरी वेगवेगळे करूया. बिटवॉर्डन फोनमध्ये टाकून दिलं, बोट लावलं की उघडतं, तेवढं त्यांना जमतं. पण मास्टर पासवर्ड? जनरेटरने जे चार इंग्रजी शब्द दिले ते त्यांनी तीन वेळा तीन स्पेलिंगनी लिहिले. मराठी शब्दांची यादी त्यात नाही, ही माझी या जनरेटरवरची खरी तक्रार. मग सुट्टीत लेकीला कामाला लावलं, ३०० चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक मराठी शब्द, विळा, पाऊस, चकली, खुरपं, असले, आणि खाली त्याचं इंग्रजी अक्षरांतलं स्पेलिंग पण लिहून टाकलं, नाहीतर पाऊसमध्ये ए एक का दोन यावरच अडलं असतं. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. हलवायचा, एक काढायची, लिहून घ्यायची, परत टाकायची, परत हलवायचा. सहा वेळा. हिशोब केला तर जनरेटरच्या चार शब्दांपेक्षा शक्यता पाचपट कमी भरतात, पण जन्मसालापेक्षा बरं ना. अट एकच घातली, आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. बाबांना दोनदा चकली आली, त्यांना वाटलं डबा खराब आहे.

आठ महिने झाले, स्वतः उघडतात, आता तर नवीन पासवर्ड पण त्यातच बनवतात, मोठी अक्षरं काढून टाकतात तेवढंच. मास्टर पासवर्ड डायरीत लिहिलाय हे मला गेल्या महिन्यात कळलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सहाच्या जागी सात शब्द लिहिलेत, एक खोटा आहे. कुठला खोटा ते तुझ्या आईला सांगून ठेवलंय." मी खूश. आईला स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं तर म्हणाली, "मला कुठलं आठवतंय, डायरीत लिहिलं असेल त्यांनी."